परवाना कोणाच्या नावावर? सुपाई गाव आणि अडीच गिगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या एका उपदरीच्या तळाशी सुपाई हे गाव आहे. हावासुपाई या मूलनिवासी जमातीचे हे मुख्य ठिकाण. गावापर्यंत मोटाररस्ता जात नाही. डांबरी रस्ता हुआलापाई हिलटॉप नावाच्या कड्यापाशी संपतो आणि तिथून खाली सुमारे १३ किलोमीटरची पायवाट सुरू होते. ती पायी उतरायची, नाहीतर घोड्या-खेचरावरून, आणि परवडत असेल व हवामान साथ देत असेल तर हेलिकॉप्टरने. गावाचे टपाल आजही खेचरांच्या पाठीवरून ये-जा करते. काही शे माणसांच्या या वस्तीत २०१८ साली जमातीने स्वतःचे ब्रॉडबँड जाळे उभारले. ते कसे उभे राहिले आणि त्या लहानशा प्रयोगाला देशपातळीवरच्या धोरणात कशी जागा मिळाली, हे या प्रकरण अभ्यासात पाहायचे आहे.

अल्पसंख्य समाजांपर्यंत इंटरनेट पोहोचवण्यासाठी सरकारने भागीदारी करायची म्हटले की चर्चा अनुदानाच्या रकमेपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. सुपाईच्या बाबतीत सरकारने सुरुवातीला जे दिले ती रक्कम नव्हती. तो रेडिओलहरी वापरण्याचा एक परवाना होता, तोही तात्पुरता. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठीच. पुढे आलेल्या कोट्यवधी डॉलरच्या योजनांशी तुलना केली, तर त्या परवान्याने नेमके काय बदलले आणि काय बदलणे त्याच्या आवाक्यात नव्हते, ते दोन्ही स्पष्ट दिसते.

अडचण कुठे होती

हावासुपाई लोकांचा वावर एकेकाळी कॅन्यनच्या वरच्या पठारावर दूरवर पसरलेला होता. १८८२ साली त्यांच्यासाठी जी राखीव भूमी ठरवण्यात आली ती दरीच्या तळातली अवघी ५१८ एकर होती. १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले आणि वरच्या जमिनीवरचा त्यांचा वावर आणखी आवळला गेला. दीर्घ लढ्यानंतर १९७५ च्या कायद्याने सुमारे १,८५,००० एकर जमीन जमातीकडे परत आली. हा इतिहास ब्रॉडबँडच्या चर्चेत अवांतर वाटण्याचा संभव आहे, पण तो तसा नाही. आपल्या जमिनीवर काय उभे राहावे आणि कोणी उभारावे हे ठरवण्याचा अधिकार परत मिळवणे म्हणजे काय, याचा अनुभव या जमातीच्या जिवंत स्मरणात आहे, आणि जमिनीवरून जाणाऱ्या रेडिओलहरींचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यांनी तो त्याच नजरेने पाहिला.

गावातली शाळा संघराज्य सरकारच्या ब्युरो ऑफ इंडियन एज्युकेशनकडून चालवली जाते आणि ती आठवीपर्यंतच आहे. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना घर सोडून दूरच्या निवासी शाळांत जावे लागते. शाळेतल्या शिक्षणाच्या दर्जावरून विद्यार्थ्यांनी २०१७ साली संघराज्य सरकारविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. तज्ज्ञ डॉक्टरची गाठ घ्यायची, शिक्षकांनी आवश्यक प्रशिक्षण पुरे करायचे, एखाद्या सरकारी अर्जाचे काम करायचे, तर दरी चढून वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. वेगवान जोडणीची गरज इतर कोणत्याही गावापेक्षा इथे जास्त होती, आणि ती मिळण्याची शक्यता सर्वांत कमी. काही शे गिऱ्हाइकांसाठी अशा दुर्गम ठिकाणी जाळे टाकणे कोणत्याही मोठ्या दूरसंचार कंपनीच्या हिशेबात बसत नाही, आणि बसावे अशी अपेक्षा धरणेही व्यवहाराला धरून नाही.

सुपाई हे टोकाचे उदाहरण असले तरी एकटे नव्हते. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस म्हणजे अमेरिकी काँग्रेससाठी काम करणारी लेखापरीक्षण यंत्रणा. तिने २०१८ साली आदिवासी भूमीवरील ब्रॉडबँडविषयी एकापाठोपाठ अहवाल दिले, आणि ते एकत्र वाचले की रोग कुठे आहे ते कळते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, या नियामक आयोगाच्या तेव्हाच्या आकडेवारीनुसार आदिवासी भूमीवर राहणाऱ्या ३५ टक्के लोकांना ब्रॉडबँड उपलब्ध नव्हते. संपूर्ण देशात हे प्रमाण ८ टक्के होते. लेखापरीक्षकांचे म्हणणे असे की हा आकडासुद्धा परिस्थिती आहे त्याहून बरी दाखवतो. कंपन्या आपली माहिती जनगणनेच्या गटांनुसार कळवत आणि एखाद्या गटातल्या एका ठिकाणी जरी सेवा देणे शक्य असले तरी तो सबंध गट सेवायुक्त धरला जाई. शहरात असा गट म्हणजे इमारतींची एक रांग; अ‍ॅरिझोनाच्या पठारावर तो मैलोगणती पसरलेला. रस्त्याकडेच्या एका पेट्रोल पंपापर्यंत तार पोहोचली की मागच्या डोंगरातली सगळी घरे कागदावर जोडली जात.

दुसऱ्या अहवालाचा विषय थेट भागीदारीचा होता आणि त्यातला निष्कर्ष मला या संपूर्ण प्रश्नाची किल्ली वाटतो. २०१० ते २०१७ या काळात ग्रामीण ब्रॉडबँडसाठी एफसीसीने वाटलेल्या निधीपैकी एक टक्क्याहून कमी, आणि कृषी खात्याच्या रूरल युटिलिटीज सर्व्हिसने दिलेल्या निधीपैकी सुमारे १४ टक्के रक्कम थेट जमातींकडे किंवा त्यांच्या मालकीच्या सेवादारांकडे गेली होती. उरलेली इतर कंपन्यांकडे. म्हणजे आदिवासी भूमीच्या नावाने कार्यक्रम होते, पण त्या कार्यक्रमांत जमातींचे स्थान लाभार्थ्याचे होते, भागीदाराचे नव्हते.

रिकामा पडलेला स्पेक्ट्रम

स्पेक्ट्रम म्हणजे संदेशवहनासाठी वापरायच्या रेडिओलहरींचे पट्टे. १९६३ साली अमेरिकेत २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असा एक पट्टा शाळा-महाविद्यालयांच्या दूरचित्रवाणी पाठांसाठी राखून ठेवण्यात आला. शिक्षणसंस्थेने एक मनोरा उभारायचा आणि परिसरातल्या वर्गांत पाठ प्रसारित करायचे, अशी मूळ कल्पना. पुढे तंत्रज्ञान बदलले आणि हाच पट्टा मोबाइल ब्रॉडबँडसाठी उत्तम असल्याचे ध्यानात आले, कारण या लहरींवरून भरपूर माहिती वाहून नेता येते आणि तरीही त्या बऱ्यापैकी अंतर कापतात. नियमही सैल झाले. परवानाधारक संस्थांना आपली ९५ टक्क्यांपर्यंत क्षमता व्यापारी कंपन्यांना भाड्याने देता येऊ लागली. शिक्षणासाठी ५ टक्के ठेवली की पुरे. शहरांत आणि दाट वस्तीच्या भागांत या भाडेपट्ट्यांवर मोठी मोबाइल जाळी उभी राहिली.

मात्र १९९५ पासून आयोगाने या पट्ट्यातले नवे परवाने देणेच थांबवले होते. त्याचा फटका ग्रामीण पश्चिमेला बसला. तिथे त्याआधी कोणी अर्ज केलेले नव्हते, म्हणून परवाने नव्हते. आणि आता अर्ज करण्याची सोय नव्हती, म्हणून परवाने मिळणार नव्हते. देशाच्या जवळजवळ निम्म्या भूभागावर हा मौल्यवान पट्टा वापराविना पडून राहिला. हावासुपाई भूमी त्याच निम्म्यात होती. गावात इंटरनेट नाही, गावावरची लहर मोकळी आहे, आणि तरी ती वापरणे बेकायदा, अशी ही स्थिती जवळजवळ पाव शतक चालली.

ही कोंडी फोडण्यात मुरलनेट या लहान ना-नफा संस्थेचा वाटा मोठा आहे. शिक्षिका म्हणून काम केलेल्या मॅरिएल ट्रिग्ज तिच्या प्रमुख. मध्यम आकाराच्या वस्तीसाठी ४जी एलटीईचे जाळे आता स्वस्तात उभे करता येते आणि ते चालवायला मोठी कंपनीच लागते असे नाही, हे संस्थेचे म्हणणे होते. हावासुपाई जमातीने एफसीसीकडे विशेष तात्पुरती परवानगी मागितली आणि २०१८ मध्ये ती मिळाली. फ्लॅगस्टाफ इथल्या नाइल्स रेडिओ कम्युनिकेशन्स या रेडिओ उपकरणांचे काम करणाऱ्या स्थानिक कंपनीने तांत्रिक बाजू आणि गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवा सांभाळला. मुरलनेटच्या हिशेबाने अशा जाळ्याच्या उपकरणांचा खर्च १५,००० डॉलरच्या आसपास येतो. सरकारी योजनांच्या तुलनेत ही रक्कम किती लहान आहे ते पुढे दिसेलच.

जाळ्याची रचना समजायला अवघड नाही. दरीच्या काठाकडून सूक्ष्मलहरींच्या दुव्याने जोडणी खाली गावात येते. तिथल्या खांबावर एलटीईचे प्रसारक यंत्र आणि अँटेना. आणि घराघरांत सिमकार्ड घातलेला राउटर, ज्याच्यापासून पुढे घरातले वाय-फाय चालते. दरीचे उभे कडे हा बाहेरून येणाऱ्या संकेतांना मोठा अडथळा, पण त्याच कड्यांमुळे वस्ती एका अरुंद सपाटीवर दाटीने वसलेली आहे आणि थोड्या यंत्रांत बराचसा गाव कवेत येतो. भूगोलाने जे अवघड केले होते त्यातलेच थोडे त्याने सोपेही केले. या जोडणीचा पहिला ठळक उपयोग बालवाडीच्या शिक्षिकांना झाला. हेड स्टार्ट या संघराज्य कार्यक्रमाखाली काम करणाऱ्या शिक्षिकांना आपले अभ्यासक्रम गावात राहून ऑनलाइन पुरे करता येऊ लागले. एरवी गाव सोडून जावे लागले असते, आणि शिक्षिका गेली की बालवाडीचा वर्ग अडला असता.

तात्पुरत्या परवानगीची मर्यादा मात्र उघड होती. अशी परवानगी एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवसांची असते आणि मुदत संपत आली की पुन्हा मागावी लागते. सहा महिन्यांच्या भरवशावर कोणी कर्ज देत नाही आणि गावातल्या तरुणाला तंत्रज्ञ म्हणून कायमची नोकरीही देता येत नाही. जमातीच्या परिषदेच्या सदस्य ओफेलिया वाटाहोमिजी-कॉर्लिस यांनी सुपाईचा अनुभव जाहीरपणे मांडत राहून हा मुद्दा लावून धरला. जाळे चालते हे सिद्ध झाले होते. ते कोणत्या हक्काने चालायचे, हा प्रश्न उरला होता.

प्राधान्याची खिडकी

१० जुलै २०१९ रोजी एफसीसीने २.५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे नियम बदलले. भारतीय वंशाचे अजित पै तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. पट्टा शिक्षणासाठीच राखण्याची अट काढून टाकण्यात आली आणि उरलेल्या मोकळ्या स्पेक्ट्रमचा लिलाव करायचे ठरले. आयोगाच्या सदस्य जेसिका रोझेनवर्सेल यांनी याला विरोध नोंदवला. घरी इंटरनेट नसल्यामुळे गृहपाठात मागे पडणाऱ्या मुलांसाठी राखलेले साधन आपण हातचे घालवत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. तो आक्षेप रास्त होता असे माझे मत आहे. परंतु याच आदेशात एक तरतूद अशी होती की लिलावापूर्वी ग्रामीण आदिवासी भूमीवरच्या मान्यताप्राप्त जमातींना आपल्या भूमीपुरता हा स्पेक्ट्रम विनामूल्य मागता येईल. सर्व मिळून ११७.५ मेगाहर्ट्झपर्यंत. मोबाइल कंपन्या ज्या मध्यम पट्ट्यासाठी कोट्यवधी डॉलर मोजतात, त्यातला हा भरघोस हिस्सा होता.

अर्जांची मुदत ३ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू झाली आणि ३ ऑगस्टला संपणार होती. मध्येच कोरोनाची साथ आली. नाव्हाहो राष्ट्रात, म्हणजे नाव्हाहो या मूलनिवासी जमातीच्या स्वशासित भूमीत, लोकसंख्येच्या मानाने संसर्गाचे प्रमाण त्या वसंत ऋतूत देशात सर्वाधिक असलेल्यांपैकी होते आणि आठवड्याअखेरीस ५७ तासांची संचारबंदी लागू होती. अनेक जमातींची कार्यालये बंद, कर्मचारी आजारी, आणि अर्ज भरायचा ऑनलाइन. इंटरनेट नाही म्हणून स्पेक्ट्रम मागायचा, त्यासाठी आधी नोंदणी क्रमांक काढायचा, आपल्या भूमीच्या सीमांची संगणकीय नकाशा-फाइल तयार करायची आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर चढवायची. जमातींच्या संघटनांनी १८० दिवसांची मुदतवाढ मागितली. मिळाली ३० दिवसांची, २ सप्टेंबरपर्यंत. इतक्या मोठ्या संकटात, जो स्पेक्ट्रम पंचवीस वर्षे पडून होता त्यासाठी आणखी पाच महिने थांबणे अशक्य का होते, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडत नाही.

तरीही ४०० हून अधिक अर्ज आले. त्या वेळी संघराज्याने मान्यता दिलेल्या जमातींची संख्या ५७४ होती, हे लक्षात घेता प्रतिसाद मोठा म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिले १५४ अर्ज मंजूर झाले आणि पुढे एकूण आकडा ३०० च्या वर गेला. ज्या जमातींनी अर्ज केला नाही किंवा ज्यांना करता आला नाही, त्यांच्या भूमीवरचा स्पेक्ट्रम २०२२ च्या उन्हाळ्यात झालेल्या लिलावात गेला. त्या लिलावातून सुमारे ४२.८ कोटी डॉलर आले आणि ७,८७२ परवान्यांपैकी ७,१५६ एकट्या टी-मोबाइलने सुमारे ३०.४ कोटी डॉलरना घेतले. ज्या जमातींचा अर्ज हुकला, त्यांना आता आपल्याच डोक्यावरच्या लहरीसाठी त्या कंपनीशी बोलणी करावी लागतील. ३० दिवसांच्या मुदतवाढीची खरी किंमत ही आहे.

पैसा आला तेव्हा

साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा काँग्रेसला निधीची घाई झाली. २७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एका मोठ्या खर्च-कायद्यात दोन स्वतंत्र कार्यक्रम होते. एक आदिवासी ब्रॉडबँडसाठी, सुमारे एक अब्ज डॉलरचा, जो वाणिज्य खात्याच्या एनटीआयए या संस्थेकडे सोपवण्यात आला. दुसरा २८.५ कोटी डॉलरचा, कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक महाविद्यालये, आदिवासी महाविद्यालये आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्था यांच्यासाठी. या दुसऱ्या कार्यक्रमाची कल्पना चांगली होती: महाविद्यालय हा खुंटा धरायचा आणि त्याच्या भोवतीच्या १५ मैलांतल्या गरीब वस्तीला त्याच्यामार्फत जोडायचे, कारण लोकांचा त्या संस्थेवर आधीपासून विश्वास असतो. याच कायद्याने एनटीआयएमध्ये अल्पसंख्य समाजांच्या ब्रॉडबँडसाठी स्वतंत्र कार्यालयही स्थापन झाले.

आदिवासी कार्यक्रमाला २८० हून अधिक अर्ज आले आणि मागणी पाच अब्ज डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे उपलब्ध रकमेच्या पाचपट. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्यात आणखी दोन अब्जांची भर घातली. निधी आता थेट जमातींकडे जात होता, आणि २०१८ च्या लेखापरीक्षण अहवालांशी ताडून पाहिले तर हा बदल मूलभूत आहे. ज्यांच्याकडे २.५ गिगाहर्ट्झचा परवाना आधीच होता त्यांच्या अर्जाला आधार मिळाला, कारण दुसऱ्या कोणाच्या स्पेक्ट्रमवर अवलंबून न राहता काम कसे होईल हे त्यांना दाखवता येत होते. परंतु दोन कार्यालयांची वेळापत्रके एकमेकांशी जुळत नव्हती. परवान्याची अट अशी की दोन वर्षांत परवाना क्षेत्रातल्या ५० टक्के लोकसंख्येपर्यंत आणि पाच वर्षांत ८० टक्क्यांपर्यंत सेवा पोहोचली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये ज्यांना परवाना मिळाला त्यांची दोन वर्षे ऑक्टोबर २०२२ मध्ये भरत होती, आणि अनुदानाची बरीचशी मंजुरीपत्रे निघालीच २०२२ साली. त्यानंतर पर्यावरण आणि पुरातत्त्वीय वारशाची तपासणी, मनोऱ्याच्या जागेसाठी ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स या जमातींचे कामकाज पाहणाऱ्या संघराज्य खात्याची संमती, मग यंत्रसामग्रीची मागणी. घड्याळ एका खात्याने लावले होते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती होती.

तिसऱ्या प्रकारची मदत घरोघरच्या बिलांत सवलतीची होती. अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम या योजनेतून गरजू कुटुंबाला महिना ३० डॉलर आणि आदिवासी भूमीवर ७५ डॉलरपर्यंत सूट मिळत असे. देशभरात २.३ कोटींहून अधिक कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. निधी संपला, काँग्रेसने नवा दिला नाही आणि जून २०२४ मध्ये योजना बंद पडली. सवलत असेपर्यंत तिने फार मोठे काम केले याबद्दल मला शंका नाही. पण ज्या गावात जोडणी परक्या कंपनीची होती तिथे सवलतीबरोबर जोडणीही गेली, आणि ज्या जमातीकडे स्वतःचे जाळे होते तिला निदान दर किती ठेवायचा हे स्वतः ठरवता आले.

यात कायद्याचा एक बारकावा आहे आणि तो वाचकाने ध्यानात घ्यावा असा आहे. मे २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने डिजिटल इक्विटी कायद्याखालची, म्हणजे इंटरनेटच्या वापरात मागे राहिलेल्या गटांसाठीची, अनुदाने वर्णाधारित असल्याचे कारण देऊन थांबवली. अल्पसंख्य समाज म्हणून एखाद्या गटाला दिलेली मदत अशी एका निर्णयाने आक्षेपाच्या भोवऱ्यात सापडू शकते. अमेरिकेतील मान्यताप्राप्त जमातींचे कायदेशीर स्थान वेगळे आहे. १९७४ च्या मॉर्टन विरुद्ध मँकारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमातींच्या सदस्यांना दिलेले प्राधान्य वंशावर आधारलेले नसून ते राजकीय स्वरूपाचे आहे, असे मानले. जमात हे स्वतःचे शासन असलेले राष्ट्र आहे आणि संघराज्य सरकारशी तिचे नाते शासनाशी शासनाचे आहे. त्यामुळे सुपाईला मिळालेला परवाना ही अल्पसंख्याकांना दिलेली सवलत ठरत नाही. एका शासनाने दुसऱ्या शासनाचा आपल्या भूमीवरचा हक्क मान्य केला, असे त्याचे स्वरूप आहे. कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो वस्त्यांना हे कवच नाही, आणि त्यांच्या बाबतीत महाविद्यालय, ग्रंथालय किंवा सहकारी संस्था अशा टिकाऊ धारकाच्या नावावर जाळे उभे करणे म्हणून अधिकच महत्त्वाचे ठरते.

पालघरची आठवण

मोकळी लहर आणि जोडणीविना वस्ती यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातही झालेला आहे. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या आदिवासीबहुल भागात दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावांना इंटरनेटने जोडून दाखवले. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत १,२५,००० डॉलरचा पहिला पुरस्कारही मिळाला. तंत्र यशस्वी ठरले. पण ज्या लहरींवर ते चालले त्यांची परवानगी प्रयोगापुरती होती, आणि आपल्याकडे ग्रामसभेने स्वतःच्या हद्दीपुरता स्पेक्ट्रम मागावा अशी खिडकी उघडलेली नाही. सुपाईतल्या तात्पुरत्या परवानगीचे रूपांतर धोरणात झाले. पालघरच्या प्रयोगाचे तसे झाले नाही. तंत्रज्ञांची गुणवत्ता दोन्हीकडे होती. फरक पडला तो परवाना स्वतःच्या नावावर मागू शकणारी, कायद्याने मान्य केलेली संस्था गावात होती की नव्हती यामुळे.

अजून न सुटलेले

सुपाईचे उदाहरण देताना त्यातल्या अडचणी झाकणे योग्य होणार नाही. गावातले रेडिओ जाळे हा साखळीचा शेवटचा आणि सर्वांत स्वस्त दुवा आहे. त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा बॅकहॉल दर महिन्याला पैसे खातो, आणि मोठ्या क्षेत्रात तो फायबरचा असावा लागतो. नाव्हाहो राष्ट्राने हे आधीच ओळखले होते. जमातीच्या मालकीच्या नाव्हाहो ट्रायबल युटिलिटी ऑथॉरिटीने २०१० साली मिळालेल्या सुमारे ३.२ कोटी डॉलरच्या संघराज्य अनुदानातून शेकडो मैल फायबर टाकले आणि मनोऱ्यांची मालिका उभारली, कारण तीन राज्यांत पसरलेल्या सुमारे ७१,००० चौरस किलोमीटरच्या भूमीवर नुसत्या परवान्याने काही साधणार नव्हते. सुपाईत गाव लहान म्हणून थोडक्यात भागले. हे प्रमाण विसरून १५,००० डॉलरचा आकडा सगळीकडे लावला तर ती फसवणूक ठरेल.

माणसांचा प्रश्न त्याहून मोठा. पूर आला, वीज गेली, खांबावरची अँटेना वाऱ्याने फिरली, तर दुरुस्तीला येणारा माणूस फ्लॅगस्टाफहून यायला निदान एक दिवस जातो. तो गावातलाच असेल तर तासाभरात काम होते. हावासू खाडीला मोठे पूर येतात, २००८ मध्ये तर पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते, तेव्हा ही काल्पनिक भीती नाही. या उणिवेवर काम सुरू आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जमातींच्या संघटनेने २००१ पासून स्वतःचे बिनतारी जाळे चालवले आहे, आणि तिथल्या अनुभवाच्या बळावर मॅथ्यू रँटानेन व ख्रिस्तोफर मिचेल यांनी २०२१ पासून जमातींच्या तरुणांसाठी ब्रॉडबँड शिबिरे सुरू केली. तिथे फायबर जोडणे, अँटेना चढवणे, राउटर लावणे हे हाताने शिकवले जाते. अनुदानाच्या अर्जात प्रशिक्षणाचा रकाना शेवटी येतो. माझ्या मते तो पहिला असायला हवा.

साथीच्या काळाने सुपाईची कसोटी पाहिली. जमातीने मार्च २०२० मध्ये पर्यटन बंद केले आणि ते १ फेब्रुवारी २०२३ रोजी पुन्हा सुरू झाले. पर्यटन हेच उत्पन्नाचे मुख्य साधन असताना जवळजवळ तीन वर्षे गाव बाहेरच्यांना बंद ठेवण्याचा निर्णय सोपा नव्हता, आणि त्या काळात शाळा, दवाखाना व कुटुंबे यांना जोडून ठेवणारा दुवा बाहेरच्या कोणाच्या मर्जीवर नव्हता ही जमेची बाजू होती.

२०२० मध्ये दिलेले परवाने दहा वर्षांचे आहेत. पाचव्या वर्षाची ८० टक्क्यांची अट पुरी न झाल्यास परवाना आपोआप जातो आणि तो स्पेक्ट्रम पुन्हा बाजारात येऊ शकतो. ज्या जमातींचे अनुदान उशिरा आले, ज्यांच्या मनोऱ्यांची फाइल संमतीसाठी अडकून पडली, त्यांना एफसीसी मुदत वाढवून देते की नाही आणि एनटीआयए आपली उरलेली रक्कम वेळेवर सोडते की नाही, यावर ते ३०० हून अधिक परवाने जमातींच्या नावावर राहतात की कंपन्यांकडे जातात हे ठरणार आहे.